पबमेडच्या पोटातल्या गोष्टी

२६ जून १९९७. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिलवर पत्रकारांना बोलावून अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर यांनी संगणकावर एक वैद्यकीय शोध घेऊन दाखवला. पैसे न भरता, खातं न उघडता, कुणाची परवानगी न काढता. तोपर्यंत हीच माहिती हवी असेल तर अमेरिकी सरकारच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनकडे नाव नोंदवायचं, सांकेतिक क्रमांक आणि पासवर्ड मिळवायचा, फोनच्या तारेवरून त्यांच्या संगणकाला जोडून घ्यायचं आणि वापराप्रमाणे बिल भरायचं, असा रिवाज होता. त्या दिवसापासून एक संकेतस्थळ पुरे झालं. त्याचं नाव पबमेड.

आज डॉक्टर, नर्स, औषधविक्रेते, पत्रकार, आजारी माणसाची मुलगी, सगळेच पबमेड उघडतात. त्यामागच्या सरकारी ग्रंथालयाची गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ती सांगण्याजोगी आहे, कारण जुनी इलेक्ट्रॉनिक सेवा बंद करून तिच्या जागी संकेतस्थळ आणण्याचं काम एखाद्या सरकारी खात्याने मनापासून केलं तर काय घडतं, याचं इतकं चांगलं उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

लिंकनच्या नाट्यगृहात ग्रंथालय

सुरुवात झाली १८३६ मध्ये, अमेरिकी लष्कराच्या सर्जन जनरलच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या एका फळीपासून. तीस वर्षं ती फळी फारशी वाढली नाही. मग यादवी युद्ध संपलं आणि जॉन शॉ बिलिंग्ज नावाच्या लष्करी सर्जनकडे ग्रंथालयाचा कारभार आला. युद्धकाळातली रुग्णालयं बंद करताना सुमारे ८०,००० डॉलर शिल्लक उरले होते. ते पैसे पुस्तकांसाठी मिळाले आणि बिलिंग्ज यांनी खरेदीचा सपाटाच लावला. दोन हजारांच्या आसपास असलेला संग्रह त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १८९५ पर्यंत, लाखाच्या वर गेला.

जागा कुठली होती माहीत आहे? फोर्ड्स थिएटर. अब्राहम लिंकन यांच्यावर १८६५ मध्ये जिथे गोळी झाडली गेली, तेच नाट्यगृह सरकारने विकत घेतलं आणि त्यात हे ग्रंथालय वीस वर्षं नांदलं. १८८७ मध्ये पुस्तकं नव्या इमारतीत हलली. पुढे सहा वर्षांनी, १८९३ मध्ये, फोर्ड्स थिएटरच्या आतले मजले कोसळून तिथे काम करणारे २२ कारकून मृत्युमुखी पडले.

नुसती पुस्तकं जमवून बिलिंग्ज थांबले नाहीत. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत काय छापून येतंय, याची विषयवार सूची १८७९ मध्ये त्यांनी रॉबर्ट फ्लेचर यांच्या साथीने सुरू केली. तिचं नाव ‘इंडेक्स मेडिकस’. पबमेडची ही थेट पणजी.

बिलिंग्ज यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ते जनगणनेच्या कामातही होते. एका रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला हर्मन हॉलेरिथ नावाचा तरुण अभियंता आला होता. लोकसंख्येची आकडेमोड करायला एखादं यंत्र असायला हवं, असं बिलिंग्ज सहज बोलून गेले. ही आठवण पुढे हॉलेरिथ यांनीच लिहून ठेवली आहे. त्यातून भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारं गणनयंत्र तयार झालं, १८९० ची अमेरिकी जनगणना त्यावर मोजली गेली, आणि हॉलेरिथ यांची कंपनी इतर कंपन्यांत मिसळून शेवटी आयबीएम झाली. म्हणजे वैद्यकीय सूचीचा जनक संगणकयुगाच्या जन्माच्या वेळीही चहाच्या टेबलावर हजर होता.

उत्तर येईल, पण टपालाने

१९५६ मध्ये हे ग्रंथालय लष्कराकडून काढून नागरी खात्याकडे देण्यात आलं. त्यासाठीचा कायदा सिनेटमध्ये मांडणारे दोघे होते: अलाबामाचे लिस्टर हिल आणि मॅसॅच्युसेट्सचे जॉन एफ. केनेडी. लिस्टर हिल यांचे वडील सर्जन होते. शस्त्रक्रिया जंतुमुक्त करणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून त्यांनी मुलाचं नाव ठेवलं. याच वडिलांनी १९०२ मध्ये भोसकल्या गेलेल्या एका मुलाच्या हृदयाला टाके घालून त्याला वाचवलं होतं, तेही कंदिलाच्या उजेडात. अमेरिकेत अशी शस्त्रक्रिया त्याआधी कुणाला साधली नव्हती. लिस्टर हिल हे नाव लक्षात ठेवा, ते लवकरच संगणकात भेटणार आहे.

१९६० च्या सुमारास सूची इतकी फुगली की ती हाताने जुळवणं अशक्य झालं. जानेवारी १९६४ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथल्या ग्रंथालयाच्या नव्या इमारतीत ‘मेडलार्स’ ही संगणकप्रणाली सुरू झाली. नोंदी कागदी फितीवर भोकं पाडून भरायच्या, तिथून त्या चुंबकीय फितीवर जायच्या आणि हनीवेल कंपनीचा संगणक त्या चाळायचा. छपाईसाठी ‘ग्रेस’ नावाचं यंत्र होतं. ते संगणकाच्या आज्ञेवरून अक्षरं थेट फिल्मवर उमटवायचं. खिळे जुळवणारा माणूस मध्ये नाही, अशी संगणकी अक्षरजुळणी रोजच्या कामात आणणाऱ्या पहिल्या यंत्रांत ग्रेसची गणना होते.

डॉक्टरला स्वतःसाठी शोध हवा असेल तर? त्याने प्रश्न लिहून पाठवायचा. ग्रंथालयातला प्रशिक्षित माणूस तो संगणकाला कळेल अशा पद्धतीने मांडायचा. मग तो इतर प्रश्नांच्या गठ्ठ्यात जायचा, कारण फीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवल्याशिवाय काही सापडत नसे आणि एकेका प्रश्नासाठी ती फिरवणं परवडणारं नव्हतं. छापील उत्तर टपालाने कित्येक आठवड्यांनी पोचायचं. रुग्ण तोवर बरा होऊन घरी गेलेला असे, किंवा हाताबाहेर गेलेला असे.

‘एसएस १ /सी?’

म्हणून १९७० मध्ये एक प्रयोग झाला. निवडक १०० इंग्रजी नियतकालिकांची सूची कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या संगणकावर ठेवली आणि टेलिटाइप यंत्रांच्या जाळ्यावरून ग्रंथालयांना ती थेट चाळायला दिली. प्रयोग इतका उचलला गेला की ऑक्टोबर १९७१ मध्ये पूर्ण सेवा उघडली. तिचं नाव मेडलाइन.

सुरुवातीला एका वेळी किती जणांना ती वापरता यायची, सांगा पाहू? पंचवीस. सबंध अमेरिकेत मिळून पंचवीस. पुढे टिमनेटसारख्या दूरध्वनी जाळ्यांमुळे दूरदूरच्या शहरांतल्या ग्रंथालयांना स्थानिक फोनच्या खर्चात जोडून घेता येऊ लागलं.

ही सेवा ज्या प्रणालीवर चालायची तिचं नाव एलहिल, म्हणजे सिनेटर एल. हिल. हयात राजकारण्याच्या नावाची शोधप्रणाली! आता एलहिल वापरणाऱ्याला काय दिसायचं ते बघा. तार जुळली, पासवर्ड दिला की कागदावर किंवा काळ्या पडद्यावर उमटायचं, ‘एसएस १ /सी?’ आणि खाली ‘यूजर:’. बस. ‘पहिलं शोधवाक्य देता की आज्ञा देता?’ असा तो सवाल. पुढे काय टाइप करायचं हे ज्याला ठाऊक तोच शोध घेणार. म्हणून या कामासाठी ग्रंथपालांना खास प्रशिक्षण घ्यावं लागे, आणि हाताखाली विषयशब्दांची जाडजूड पुस्तिका लागे. डॉक्टर ग्रंथपालाशेजारी खुर्ची ओढून बसायचा, ग्रंथपाल आधी सगळी जुळवाजुळव कागदावर करून घ्यायचा आणि मगच फोन लावायचा, कारण जोडलेल्या प्रत्येक मिनिटाचे पैसे मोजले जात.

या ग्रंथपालांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आज शोधचौकटीत दोन शब्द टाकून आपण जे मिळवतो, ते त्या काळात त्यांच्या डोक्यात असलेल्या ज्ञानावर मिळत होतं. दोन तपं जगाचं वैद्यकीय ज्ञान आणि ते हवं असणारा रुग्ण यांच्यामध्ये हीच माणसं उभी होती. त्यांची नावं कुठल्याही शोधनिबंधावर छापली गेली नाहीत.

रॉक बँडचं नाव आणि तीस डॉलरची डिस्क

१९८४ मध्ये डोनाल्ड लिंडबर्ग संचालक झाले. घरोघरी संगणक पोचू लागले होते. डॉक्टरने स्वतःच्या टेबलावरून मेडलाइन का वापरू नये, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. १९८६ मध्ये ग्रंथालयाने एक सॉफ्टवेअर विकायला काढलं, किंमत २९ डॉलर ९५ सेंट. आणि नाव? ग्रेटफुल मेड. ग्रेटफुल डेड हा त्या पिढीचा लाडका रॉक बँड, त्याच्यावरून! सरकारी खात्यात असं नाव मंजूर झालं, यातच त्या माणसांचा उत्साह कळतो.

ग्रेटफुल मेडची युक्ती साधी आणि फार कामाची होती. फोन न लावता आधी पडद्यावर फॉर्म भरायचा: विषय, लेखक, भाषा. मग एक कळ दाबायची. सॉफ्टवेअर स्वतःच फोन लावणार, एलहिलच्या भाषेत बोलणार, उत्तरं उतरवून घेणार आणि लगेच फोन ठेवून देणार. उत्तरं निवांत वाचा, मीटर बंद. आज्ञांची भाषा शिकायची गरज उरली नाही आणि बिलही आटोक्यात राहिलं. १९९१ मध्ये जोडीला ‘लोनसम डॉक’ आलं. त्यावरून जवळच्या ग्रंथालयाला सांगून पूर्ण लेखाची छायाप्रत मागवता यायची. एकट्यादुकट्या खेडेगावातल्या डॉक्टरसाठी ही सोय होती.

या सगळ्यामागे पाठीराखे म्हणून कायम उभे राहिले ह्यूस्टनचे विख्यात हृदयशल्यविशारद मायकेल डिबेकी. दुसऱ्या महायुद्धात ते सर्जन जनरलच्या कचेरीत होते. हे ग्रंथालय राष्ट्रीय व्हावं म्हणून त्यांनी तेव्हापासून खटपट केली. १९८९ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सांगितलं की माहिती ग्रामीण भागातल्या आणि एकट्याने काम करणाऱ्या डॉक्टरपर्यंत न्या. १९९६ मध्ये ग्रेटफुल मेडची इंटरनेट आवृत्ती निघाली तेव्हाही ते हजर होते. महाधमनी फाटल्यावर करायची शस्त्रक्रिया त्यांनी १९५० च्या दशकात घडवली. २००६ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांच्यावरच ती करावी लागली. ते वाचले आणि पुढे दोन वर्षं जगले.

माहिती वेळेवर मिळाल्याने खरंच फरक पडतो का? ग्रंथालयाने साडेपाचशेच्या आसपास वापरकर्त्यांना फोन करून विचारलं. त्यांनी सांगितलेल्या हजाराहून अधिक प्रसंगांवरचा लेख १९९३ मध्ये जामा या नियतकालिकात आला. निदान बदललं, औषध बदललं, शस्त्रक्रिया टळली, जीव वाचला, असे ते प्रसंग. एक सरकारी खातं आपल्या सेवेचा उपयोग लोकांनाच विचारून तपासतं, हे मला या साऱ्या कहाणीत फार मोलाचं वाटतं.

दार उघडलं आणि अनपेक्षित पाहुणे आले

ग्रंथालयातच नॅशनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजी इन्फर्मेशन नावाचा विभाग आहे. डेव्हिड लिपमन यांच्या या चमूने जानेवारी १९९६ मध्ये पबमेड प्रायोगिक स्वरूपात सुरू केलं. पुढच्या वर्षी गोर यांच्या हस्ते ते सर्वांसाठी मोफत झालं. मेडलाइनवर आधी वर्षाला सुमारे ७० लाख शोध होत. मोफत झाल्यावर आकडा कोटींमध्ये गेला.

पण खरी मौज पुढे आहे. वापरणारे कोण, हे पाहिल्यावर लक्षात आलं की जवळपास एक तृतीयांश शोध डॉक्टरांचे नव्हतेच. ती साधी माणसं होती. स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या आजाराबद्दल शोधणारी. शंभर वर्षं ज्या सूचीचा वाचक म्हणजे वैद्यक व्यवसायातला माणूस असं गृहीत होतं, तिच्याकडे आता रुग्ण येत होते, आणि त्यांना शोधनिबंधांची भाषा कळत नव्हती. त्यांना परत पाठवण्याऐवजी ग्रंथालयाने ऑक्टोबर १९९८ मध्ये त्यांच्यासाठी सोप्या भाषेतलं दुसरं संकेतस्थळ काढलं, मेडलाइनप्लस. सुरुवात फक्त २२ विषयांनी झाली.

मग जुन्याची आवराआवर सुरू झाली. १९९९ मध्ये एलहिल बंद झाली, ‘एसएस १ /सी?’ हा सवाल कायमचा थांबला. इंटरनेटवरचं ग्रेटफुल मेड २००१ मध्ये मिटलं. नवी आणि जुनी सेवा काही वर्षं बरोबरीने चालवून, लोकांना शिकवून, मगच जुनी काढली. आपल्याकडे एका रात्रीत जुनं पोर्टल बंद आणि सकाळी नव्यावर लॉगिन होत नाही, असा अनुभव घेतलेल्यांना या सबुरीची किंमत कळेल.

पडद्याआडची एक करामत मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही इंग्रजीत ‘हार्ट अटॅक’ असं टाइप करता. निबंध लिहिणारे मात्र ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ लिहितात. तरी लेख सापडतात, कारण १९६० पासून ग्रंथालयाने विषयशब्दांची एक वंशावळ जोपासली आहे, मेश. तिच्यात आजघडीला सुमारे ३०,००० शब्द आहेत. आयुर्वेद आहे, योग आहे, विंचूदंशसुद्धा आहे. प्रत्येक लेख वाचून माणसं त्याला या शब्दांच्या चिठ्ठ्या लावत. तुमचा साधा शब्द पबमेड गुपचूप त्या शब्दाशी जोडून देतं. ग्रंथपालाच्या हाताखालची जाडजूड पुस्तिका संकेतस्थळाच्या पोटात गेली, ती अशी. २०२२ पासून चिठ्ठ्या लावण्याचं काम यंत्र करतं, माणसं नजर ठेवतात.

महाडचा विंचू, गडचिरोलीची बाळं

या सूचीत महाराष्ट्र ठळकपणे आहे, आणि तो शोधून पाहण्यात फार आनंद आहे. कोकणातला लाल विंचू चावला की पूर्वी गंभीर रुग्णांपैकी जवळपास तिसरा हिस्सा दगावायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्र-रात्र रुग्णांशेजारी बसून लक्षणांच्या नोंदी केल्या आणि विंचवाचं विष हृदयावर कसा घाला घालतं ते मांडलं. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, १९८६ मध्ये प्राझोसिन या औषधाच्या वापरावरचा लेख तिथेच आला, आणि २०११ मध्ये विंचूप्रतिविषासोबत प्राझोसिन दिल्याने काय होतं याची चाचणी बीएमजे या नियतकालिकात. प्राझोसिनमुळे मृत्यूचं प्रमाण अगदी खाली आलं. पबमेडमध्ये त्यांचं आडनाव टाका, ही सगळी साखळी समोर येते. तीच साखळी विंचवांचा सुळसुळाट असलेल्या इतर देशांतल्या डॉक्टरसमोरही येते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचंही तसंच. गडचिरोलीच्या खेड्यांतल्या बायकांच्या न सांगितल्या जाणाऱ्या आजारांवरचा १९८९ चा लेख आणि घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली तर मृत्यू किती कमी होतात हे दाखवणारा १९९९ चा लेख, दोन्ही लॅन्सेटमधले, दोन्ही इथे आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या जुन्या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. त्या कामासाठी त्यांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. तो लेखही जुन्या अंकांच्या डिजिटल प्रतींमुळे आज वाचता येतो. केईएम आणि शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाचं स्वतःचं नियतकालिक, जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन, १९५५ पासून निघतं. तेही या सूचीत आहे आणि मोफत वाचायला मिळतं.

पबमेडच्या आधी भारतात हे कसं मिळायचं? १९८६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटर यांनी मिळून दिल्लीत मेडलार्सचं भारतीय केंद्र काढलं. तिथे प्रश्न पाठवायचा आणि यादी मिळवायची. अनेक भारतीय नियतकालिकं अमेरिकी सूचीत नव्हती, म्हणून या केंद्राने पुढे ‘इंडमेड’ ही आपली सूचीही उभी केली. मोठ्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत मेडलाइनच्या सीडी यायच्या. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि दोनच वर्षांत पबमेड मोफत झालं. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात मोडेम किरकिरत का होईना, पण तीच माहिती येऊ लागली जी बेथेस्डात मिळत होती.

१९६६ च्या अलीकडे आणि पलीकडे

एक गोष्ट चटपटीत नाही, पण ती वगळणं बरोबर होणार नाही. जून २००१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्यावरच्या एका प्रयोगात भाग घेतलेल्या २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेचा मृत्यू झाला. तिला हेक्सामेथोनियम हे रसायन श्वासावाटे दिलं होतं. संशोधकाने आधी पबमेड पाहिलं होतं, पण त्याचा मुख्य साठा तेव्हा १९६६ पासूनचा होता. या रसायनाने फुप्फुसाला इजा होते, हे सांगणारे लेख १९५० च्या दशकातले होते. ते छापील सूचीत होते, पडद्यावर दिसले नाहीत. त्यानंतर सरकारी नियामकांनी हॉपकिन्समधलं माणसांवरचं बहुतेक संशोधन काही दिवस थांबवलं.

हॉपकिन्स रुग्णालयाची आखणी कुणाची, तर सूची सुरू करणाऱ्या त्याच बिलिंग्ज यांची. आणि त्या सूचीचे जुने खंड जवळच्या बेथेस्डातच होते.

पडद्यावर दिसत नाही ते अस्तित्वातच नाही, असं मानण्याचा धोका प्रत्येक संकेतस्थळाबरोबर येतो. ग्रंथालयाने जुन्या छापील सूचींमधल्या नोंदी संगणकात भरण्याचं काम आधीच हाती घेतलं होतं. ते पुढे १९४० च्या दशकापर्यंत मागे नेलं. वेलकम ट्रस्टच्या मदतीने जुन्या नियतकालिकांचे अंकच्या अंक स्कॅन झाले. आपल्याकडे जी खाती जुन्या नोंदी ऑनलाइन आणत आहेत, त्यांनी ‘इथे अमुक सालापासूनचंच आहे’ ही ओळ पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावी, असं मला कळकळीने वाटतं.

आणखी थोडं, पटापट

पबमेडमधल्या प्रत्येक लेखाला एक क्रमांक असतो. क्रमांक १ कुठल्या महान शोधाचा असेल? तो आहे १९७५ मधला एक लेख, मिथेनॉलच्या विषबाधेत शरीरातल्या द्रवांमधलं फॉर्मेट कसं मोजायचं यावरचा.

बीएमजे दर नाताळात गमतीशीर पण शिस्तशीर संशोधन छापतं, आणि तेही सूचीत येतं. जेम्स बाँडच्या आवडत्या पेयातल्या ऑक्सिडीकरणरोधक गुणांवरचा १९९९ चा निबंध आहे. मेलबर्नच्या एका संशोधन संस्थेने २००५ मध्ये चहाच्या ७० चमच्यांवर खुणा करून ते ठेवले आणि पाच महिन्यांत त्यातले ५६ गायब झाल्याचं नोंदवलं. आपल्या कुठल्याही कचेरीत हा निष्कर्ष मान्य होईल.

छापील ‘इंडेक्स मेडिकस’चा शेवटचा अंक डिसेंबर २००४ चा. १८७९ पासून १२५ वर्षं. पबमेडमधल्या नोंदी आता पावणेचार कोटींच्या वर गेल्या आहेत.

आणि ताजी गोष्ट. १ मार्च २०२५ ला पबमेड काही तास बंद पडलं. अमेरिकी आरोग्यखात्यात कपातीच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या, त्यामुळे जगभरच्या डॉक्टरांच्या आणि ग्रंथपालांच्या पोटात गोळा आला. सेवा परत आली, पण त्याच वर्षी जर्मनीतल्या कोलोनच्या झेडबी मेड या वैद्यकीय ग्रंथालयाने युरोपात खुली पर्यायी व्यवस्था उभारायची योजना जाहीर केली. अशी योजना आखता येते, कारण पबमेडमधल्या नोंदींची संपूर्ण प्रत ग्रंथालय दर वर्षी नव्याने काढतं आणि ज्याला हवी त्याला ती फुकट उतरवून घेता येते: कोलोनला, दिल्लीला, किंवा संगणकात पुरेशी जागा असेल तर महाडलाही.